उकळताना नक्की काय तुटतं? रेणूचं चित्र काढून गुणधर्म ओळखायची पद्धत

महापेला आमच्या लॅबमध्ये एसी कायम २२ वर असतो. सॉल्व्हंटच्या कपाटात ब्युटेनॉलच्या चार बाटल्या शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात आणि त्यातली एक, टर्ट-ब्युटेनॉलची, सकाळी बघावी तर आत दगडासारखी गोठलेली असते. जानेवारीत नवीन लागलेली एक ट्रेनी मुलगी ती बाटली आडवी धरून माझ्याकडे आली, आतला पांढरा गठ्ठा जागचा हलत नव्हता, आणि म्हणाली, मॅडम हे खराब झालंय का, परत पाठवायचं का. शेजारच्या तिन्ही बाटल्या पाण्यासारख्या पातळ. मी तिला चारही लेबलं वाचायला सांगितली. चारींमध्ये कार्बन ४, हायड्रोजन १०, ऑक्सिजन १. वजन चारींचं ७४. अणू तेच, संख्या तीच, फक्त जोडणी वेगळी, आणि तेवढ्या फरकाने एन-ब्युटेनॉल गोठवायला उणे ८९ पर्यंत जावं लागतं आणि टर्ट-ब्युटेनॉल २५ लाच गोठतं.

हे का होतं ते कागद-पेन्सिलने शोधून काढता येतं, पाठ करायची गरज नाही. अकरावी-बारावीची मुलं, बीएस्सीवाले आणि आमच्यासारखे एमआयडीसीत सॉल्व्हंट हाताळणारे, तिघांनाही हीच पद्धत लागते. मी रविवारी ठाण्यात माझ्या भाचीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना शिकवते तेव्हा जो क्रम ठेवते तोच इथे देतेय. क्रम बदलू नका, कारण बहुतेक चुका क्रम चुकल्याने होतात, मुलं चित्र न काढता थेट "हायड्रोजन बाँडिंग आहे म्हणून" असं लिहून मोकळी होतात.

सगळ्यात आधी: आतला बाँड वेगळा, बाहेरची ओढ वेगळी

भाचीला पहिल्याच दिवशी विचारलं, पाणी उकळतं तेव्हा काय तुटतं? ती म्हणाली, ओ-एच बाँड. हे उत्तर मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता सुरुवात इथूनच करते. तिला ओट्याजवळ नेलं, भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि उलटं करून दाखवलं, आतून थेंब ओघळत होते. वाफ झाली, थंड झाली, परत पाणीच झालं. बाँड तुटला असता तर पातेल्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघाला असता, आणि खाली गॅस पेटलेला आहे.

आकडे बघा म्हणजे खात्री पटेल. पाण्यातला एक ओ-एच बाँड तोडायला मोलमागे साधारण ४६३ किलोज्यूल लागतात, आणि एका रेणूत असे दोन बाँड. पण एक मोल पाण्याची, म्हणजे १८ ग्रॅमची, वाफ करायला लागतात फक्त ४०.७. ही ४०.७ एका रेणूला दुसऱ्या रेणूपासून सोडवायला जातात, रेणू फोडायला नाही. ठाणे स्टेशनला संध्याकाळी गाडीतून उतरताना आई पोराचा हात धरून गर्दीतून बाहेर पडते ना, गर्दी मागे राहते, हात सुटत नाही, तसं आहे हे. बॉयलिंग पॉइंट, मेल्टिंग पॉइंट, एखादी गोष्ट पटकन उडते की नाही, पाण्यात विरघळते की नाही, हे सगळं गर्दीच्या धक्क्यावर ठरतं. आतल्या हातावर ठरतं ते म्हणजे जळणं, आम्लता, रंग, गरम केल्यावर पदार्थ टिकतो की फुटतो. वहीच्या पहिल्या पानावर या दोन गोष्टी दोन रकान्यांत लिहून ठेवा.

पण मग आतला बाँड बाहेरच्या ओढीशी संबंधितच नाही का? आहे, आणि पुढचा सगळा लेख त्याबद्दलच आहे. आतली जोडणी रेणूचा आकार ठरवते, आकार ठरवतो की विजेचा भार कुठे साचणार, आणि त्यावरून ठरतं की शेजारच्या रेणूला तो किती घट्ट धरणार.

पायरी १: इलेक्ट्रॉन मोजा, लोन पेअर विसरू नका

गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये ठिपक्यांची जी पद्धत दिली ती अजून चालते. अमोनिया घ्या, फक्त सगळ्यात बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन मोजा, नायट्रोजनचे ५ आणि तीन हायड्रोजनचे ३, झाले ८. तीन बाँडमध्ये ६ गेले, २ उरले, ती नायट्रोजनवरची लोन पेअर, म्हणजे बाँडमध्ये न गेलेली जोडी. पाण्यात अशा दोन जोड्या ऑक्सिजनवर. मिथेनमध्ये एकही नाही. मुलं बाँडच्या रेघा काढतात आणि लोन पेअर सोडून देतात, कारण ती कशालाच जोडलेली दिसत नाही, पण पुढे आकार वाकवणारी आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन पकडणारी तीच असते. ठिपके काढाच.

पायरी २: कागदावरून उचलून हातात घ्या

ही पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. कागद सपाट असतो, रेणू नसतो. डायक्लोरोमिथेन कागदावर दोन प्रकारे काढता येतं, दोन क्लोरीन शेजारीशेजारी किंवा समोरासमोर, आणि समोरासमोर काढलं की मुलं म्हणतात की दोन्हीकडची ओढ कटली, नॉन-पोलर आहे, म्हणजे विजेचा भार कोणत्याच एका बाजूला साचत नाही. चूक. खऱ्या रेणूत चार टोकं चार कोपऱ्यांत असतात आणि कोणतीही दोन टोकं एकमेकांच्या अगदी समोर नसतातच, डायक्लोरोमिथेन एकच आहे आणि ते पोलरच आहे.

आमच्याकडे मॉडेल किट नाही, आम्ही कणकेच्या गोळ्या आणि टूथपिक वापरतो. मधल्या गोळीत चार काड्या अशा खुपसायच्या की प्रत्येक काडी बाकीच्या तिघींपासून शक्य तितकी लांब जाईल. पहिल्यांदा सगळ्याच जणी चारही काड्या अधिकच्या चिन्हासारख्या एका पातळीत लावतात, मग त्यातल्या दोन वर-खाली केल्या की लक्षात येतं की अजून जागा होती. हाताने फिरवत बसलात की आपोआप १०९.५ डिग्रीच्या आसपास येता, तो झाला मिथेन. आता एक काडी काढून तिथे चपटा मोठा गोळा चिकटवा, ती लोन पेअर, ती जास्त जागा खाते आणि बाकीच्या तिघींना थोडं ढकलते, अमोनियाचा कोन १०७ होतो. दोन काड्यांच्या जागी दोन गोळे लावले की पाणी, १०४.५. जोड्या एकमेकींना लांब ढकलतात ही कल्पना गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये व्यवस्थित मांडली आणि छोट्या रेणूंना ती अप्रतिम लागू पडते.

कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनवर लोन पेअर नाही, दोनच दिशा भरायच्या आहेत, म्हणून तो काठीसारखा सरळ, १८० डिग्री. सल्फर डायऑक्साइडमध्ये सल्फरवर एक जोडी उरते म्हणून तो वाकतो. कार्बन डायऑक्साइड साध्या दाबाला द्रव होतच नाही, उणे ७८ ला बर्फातून थेट वायू होतो, आणि सल्फर डायऑक्साइड उणे १० पर्यंत द्रव राहतो. वजनाचा हात आहेच, पण मोठा वाटा त्या वाकण्याचा.

पायरी ३: रस्सीखेच कोण जिंकतं

बाँडमधले इलेक्ट्रॉन कोणता अणू स्वतःकडे किती ओढतो ते मोजणाऱ्या लिनस पॉलिंगच्या स्केलवर फ्लोरिन ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, नायट्रोजन ३.०४, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०. एवढे सहा लक्षात ठेवले तरी रोजचं काम भागतं. प्रत्येक बाँडवर बाण काढा, जास्त ओढणाऱ्याकडे टोक. मग सगळे बाण एकत्र बघा. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन बाण विरुद्ध दिशेला, बेरीज शून्य. पाण्यात दोन्ही बाण ऑक्सिजनकडे, आणि रेणू वाकलेला असल्याने ते कटत नाहीत, १.८५ डिबाय उरतात (या उरलेल्या बेरजेला डायपोल म्हणतात, डिबाय हे तिचं माप). मायक्रोवेव्हमध्ये कालची आमटी गरम होते ती मुख्यतः याच्या जोरावर, आतलं विद्युत क्षेत्र सारखं दिशा बदलतं आणि पाण्याचे पोलर रेणू त्याच्या मागे वळायला बघतात.

इथे एक जोडी सोडवून बघा, मला फार आवडते. अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड, दोन्ही एकाच आकाराचे, तिपाईसारखे. फ्लोरिन इतकं ओढतं म्हणजे ट्रायफ्लोराइड जास्त पोलर असणार असं वाटतं. पण अमोनिया १.४७ आणि ट्रायफ्लोराइड फक्त ०.२३. कारण लोन पेअर. अमोनियात बाँडचे बाण नायट्रोजनकडे जातात आणि लोन पेअरचा भारही त्याच बाजूला, दोघं मिळून ओढतात, ट्रायफ्लोराइडमध्ये बाण खाली फ्लोरिनकडे आणि लोन पेअर वर, एकमेकांना खातात. पहिल्या पायरीत ठिपके सोडले असते तर हे कधीच सुटलं नसतं.

दुसरी जोडी १,२-डायक्लोरोइथीनची. डबल बाँड फिरत नाही त्यामुळे दोन्ही क्लोरीन एका बाजूला असले की सिस आणि विरुद्ध बाजूंना असले की ट्रान्स, आणि हे दोन खरोखर वेगळे पदार्थ आहेत, वेगळ्या बाटल्यांत मिळतात. ट्रान्समध्ये बाण कटतात, तो ४८ ला उकळतो, सिस पोलर, ६० ला.

पायरी ४: हायड्रोजन बाँड, पण अट पाळून

हायड्रोजन बाँड म्हणजे एका रेणूच्या हायड्रोजनला शेजारच्या रेणूच्या लोन पेअरने धरणं. अट अशी की हायड्रोजन थेट नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा फ्लोरिनला जोडलेला हवा. रेणूत कुठेतरी हायड्रोजन आणि कुठेतरी ऑक्सिजन असणं पुरेसं नाही. देणारा आणि घेणारा वेगवेगळे मोजा. ज्या रेणूत ओ-एच किंवा एन-एच आहे तो देणारा, ज्याच्या ऑक्सिजन-नायट्रोजनवर लोन पेअर आहे तो घेणारा.

प्रोपेन, डायमिथाइल ईथर आणि इथेनॉल, वजनं ४४, ४६ आणि ४६. उकळतात उणे ४२, उणे २४ आणि ७८ ला. ईथर पोलर आहे म्हणून प्रोपेनपेक्षा १८ डिग्री वर गेलं, पण इथेनॉल त्याच्याही १०० डिग्री वर, तेच अणू, फक्त ऑक्सिजन दोन कार्बनच्या मध्ये न राहता टोकाला जाऊन हायड्रोजन धरून बसला. मला अजूनही हा आकडा बघितला की बरं वाटतं.

नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन घ्या आणि सॅनिटायझरमधलं आयसोप्रोपेनॉल. अ‍ॅसिटोन घेणारा आहे पण देणारा नाही, म्हणून स्वतःच्या भाऊबंदांशी हायड्रोजन बाँड करू शकत नाही, ५६ ला उकळतो, आयसोप्रोपेनॉल ८२ ला. स्टीलच्या ताटलीत दोघांचा एकेक थेंब शेजारी टाकून बघा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस बंद करून, अ‍ॅसिटोन आधी जाईल. पण तोच अ‍ॅसिटोन पाण्यात मात्र हव्या त्या प्रमाणात मिसळतो, कारण तिथे देणारं पाणी हजर असतं. हे बारीक वाटतं पण परीक्षेत आणि लॅबमध्ये दोन्हीकडे इथेच लोक अडकतात.

अजून एक. हायड्रोजन फ्लोराइडचा एकेक हायड्रोजन बाँड पाण्याच्या बाँडपेक्षा जोरदार आहे, तरी ते १९.५ ला उकळतं आणि पाणी १०० ला. कसं? मोजा. त्याच्याकडे लोन पेअर तीन पण द्यायला हायड्रोजन एकच. पाण्याकडे दोन द्यायला, दोन घ्यायला, हिशोब बरोबर जुळतो आणि एक रेणू चार शेजाऱ्यांना धरू शकतो. बर्फात प्रत्येक रेणू असेच चार हात पसरून बसतो, त्यामुळे मध्ये पोकळ जागा राहते, घनता ०.९१७ होते आणि सरबतातला बर्फ वर तरंगतो.

पायरी ५: काहीच पोलर नसेल तरी ओढ असते

इलेक्ट्रॉन एका जागी थांबत नाहीत, क्षणभर एका बाजूला गेले की शेजारच्या रेणूचेही सरकतात आणि बारीकशी ओढ तयार होते. फ्रिट्झ लंडनने १९३० मध्ये याचं गणित मांडलं. रेणू जितका मोठा, इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितकी ही ओढ जास्त.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या स्वयंपाकघरात आहे. ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच सोसायट्यांमध्ये आता पाइपचा गॅस आलाय, तो मुख्यतः मिथेन. जुन्या चाळीत किंवा गावी गेलं की सिलिंडर, त्यात प्रोपेन आणि ब्युटेन. मिथेन उकळतो उणे १६१ ला, प्रोपेन उणे ४२, ब्युटेन जवळपास शून्याला, पुढे पेंटेन ३६, हेक्झेन ६९. एकेक कार्बन वाढला की पायरी चढतेय. म्हणूनच प्रोपेन-ब्युटेन थोड्या दाबाने द्रव होतात आणि लाल सिलिंडर हलवला की आत डचमळतं. मिथेनला उणे ८२ च्या वर कितीही दाबलं तरी तो द्रव होत नाही, त्याला साध्या तापमानाला सिलिंडरमध्ये द्रव करून घरोघर देताच येत नाही, पाइपच टाकावा लागतो.

आणि हे नुसतं परीक्षेपुरतं नाही, म्हणून जरा थांबून सांगते. मिथेनचं रेणूवजन १६, हवेचं सरासरी २९, त्यामुळे पाइपचा गॅस गळला की वर छताकडे जातो. प्रोपेन ४४, ब्युटेन ५८, सिलिंडरचा गॅस खाली फरशीवर पसरतो आणि ओट्याखाली साचून राहतो. वास आला तर दिव्याचं किंवा एक्झॉस्टचं कोणतंच बटण चालू-बंद करू नका, गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडून मग फोन करा. सिलिंडर असेल तर खालपर्यंत हवा जाईल असं दार उघडणं जास्त महत्त्वाचं.

तो वासही याच धड्यातला आहे. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. ते म्हणजे इथेनॉलच, फक्त ऑक्सिजनच्या जागी सल्फर. वजन ४६ वरून ६२ झालं, म्हणजे जास्त तापमानाला उकळायला हवं, पण सल्फर हायड्रोजनला तसा घट्ट हायड्रोजन बाँड करू देत नाही, त्यामुळे इथेनॉल ७८ ला आणि हे ३५ लाच उकळतं. पटकन उडतं म्हणून तर नाकापर्यंत लगेच पोचतं. पाणी आणि हायड्रोजन सल्फाइडची गोष्ट तीच, १०० आणि उणे ६०.

दोन ताकदी एकमेकींविरुद्ध आल्या तर? कार्बन टेट्राक्लोराइड पूर्ण नॉन-पोलर, क्लोरोफॉर्म पोलर, तरी टेट्राक्लोराइड ७७ ला आणि क्लोरोफॉर्म ६१ ला. एक क्लोरीन जास्त, म्हणजे इलेक्ट्रॉन जास्त. म्हणून मी म्हणते तुलना करताना शक्यतो सारख्या वजनाचे रेणू घ्या, नाहीतर नेमकं कशामुळे काय झालं तेच कळत नाही.

वजन सारखं आणि आकार वेगळा असेल तरी फरक पडतो. पेंटेनचे तीन भाऊ, सरळ ३६, एक फांदीवाला २८, आणि गोल गोळ्यासारखा निओपेंटेन ९.५. दोन काकड्या शेजारी ठेवल्या तर लांबभर चिकटतात, दोन लिंबं एकाच ठिकाणी टेकतात. आमच्या ब्युटेनॉलचंही असंच, सरळ साखळीचं ११८ ला उकळतं आणि टर्ट ८२ ला, कारण तीन मिथाइलच्या गर्दीत त्याचा ओ-एच दबलेला असतो आणि बाहेरचा पृष्ठभागही कमी.

पायरी ६: हात स्वतःच्याच खिशात घातलाय का बघा

केमिकलवाल्यांसाठी ही पायरी सोन्यासारखी आहे. ऑर्थो-नायट्रोफेनॉल आणि पॅरा-नायट्रोफेनॉल. ऑर्थोमध्ये ओ-एच आणि नायट्रो गट शेजारी असल्याने हायड्रोजन बाँड रेणूच्या आतल्या आतच होतो, बाहेर द्यायला हात मोकळा राहत नाही. पॅरामध्ये दोघं समोरासमोरच्या टोकांना, त्यामुळे हात शेजारच्या रेणूला. ऑर्थो ४५ ला वितळतं, पॅरा ११४ ला. दोन्ही मिसळलेले असतील तर वाफ सोडली की ऑर्थो वाफेबरोबर उडून येतं आणि पॅरा मागे राहतं. बीएस्सीला असताना कंडेन्सरमध्ये ते पिवळे कण जमताना मी पहिल्यांदा बघितले आणि चित्रातला एक गट इकडचा तिकडे झाला तर काय होतं हे तेव्हा खरं समजलं. देणारे-घेणारे नुसते मोजू नका, ते कुठे बसलेत तेही बघा.

पायरी ७: मेल्टिंग पॉइंटला वेगळा विचार

उकळताना फक्त ओढ किती ते बघायचं. वितळताना आणखी एक प्रश्न, रेणू एकमेकांत बसतात किती नीट? पेंटेनच्या भावांकडे परत बघा. उकळण्यात निओपेंटेन सगळ्यात खाली होता. वितळण्यात सरळ पेंटेन उणे १३०, फांदीवाला उणे १६०, आणि निओपेंटेन उणे १७, सगळ्यात वर. सगळीकडून सारखा असल्यामुळे तो स्फटिकात सहज बसतो आणि जागच्या जागी फिरला तरी काही बिघडत नाही. बेन्झीन ५.५ ला वितळतं आणि त्याला एक मिथाइल लावून टोल्युइन केलं, वजन वाढलं, तरी उणे ९५, कारण सममिती गेली.

देवघरातला कापूर बघा. रेणू पिंजऱ्यासारखा गोलसर, साधारण १७६ ला वितळतो आणि २०९ ला उकळतो, द्रव राहायला मध्ये जेमतेम तीसेक डिग्री. गोलसर रेणूंना बाहेरची ओढ कमी, म्हणून उघड्या डबीतला कापूर न वितळताच हळूहळू उडून जातो. झाकण घट्ट लावा.

आता त्या बाटलीचं उत्तर तुमचं तुम्हीच देऊ शकता. टर्ट-ब्युटेनॉल आखूड, गोलसर, म्हणून लवकर उकळतं पण स्फटिकात छान बसतं म्हणून २५ लाच गोठतं. खराब काहीही झालेलं नसतं. झाकण थोडं सैल करून बाटली कोमट पाण्याच्या टबात उभी ठेवायची, दहा-पंधरा मिनिटांत सुटते. हॉट प्लेट किंवा ज्योत अजिबात नाही, त्याचा फ्लॅश पॉइंट ११ डिग्री आहे, म्हणजे पातळ झाल्या क्षणापासून वर पेट घेणारी वाफ असते.

पायरी ८: विरघळणं आणि रंग, थोडक्यात

ओ-एच एक टोक पाण्याचं, कार्बनची शेपटी तेलाची. मिथेनॉल, इथेनॉल, प्रोपेनॉल पाण्यात कितीही मिसळतात, एन-ब्युटेनॉल १०० मिलीत साधारण ७-८ ग्रॅम, हेक्झेनॉल अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. टर्ट-ब्युटेनॉलची शेपटी गुंडाळलेली असल्याने तेही कितीही मिसळतं. साखरेत १२ कार्बन असले तरी ८ ओ-एच आहेत म्हणून चहात विरघळते. कार्बन आणि ओ-एच यांचं प्रमाण बघा, नुसता आकार नको.

हळदीतलं कर्क्युमिन पाण्याला दाद देत नाही, फोडणीच्या तेलात लगेच उतरतं. त्याचा पिवळा रंग मात्र आतल्या बाँडमुळे, सिंगल-डबल-सिंगल-डबल अशी लांब साखळी आहे आणि इलेक्ट्रॉन तिच्यावर पसरलेले असतात, ते निळा प्रकाश शोषतात आणि आपल्याला पिवळं दिसतं. डागाला साबण लावला की लाल होतो, कारण साबण अल्कली, तो ओ-एचमधला हायड्रोजन काढतो आणि साखळीवरच्या इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते. धुऊन उन्हात टाकलं की डाग फिका होतो, उन्हाने साखळीच तुटते. पावसाळ्यात ठाण्यात हळदीचे डाग जात नाहीत ते ऊन नसतं म्हणून.

आम्लताही आतल्या रकान्यातली. हायड्रोजन गेल्यावर मागे राहिलेला उणे भार पसरू शकतो का, एवढाच प्रश्न. इथेनॉलमध्ये एकाच ऑक्सिजनवर अडकतो, पीकेए (हा आकडा जितका लहान तितकं आम्ल जोरदार) १६. फेनॉलमध्ये रिंगवर पसरतो, १०. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये दोन ऑक्सिजन वाटून घेतात, ४.७६. शेजारी एक क्लोरीन लावला की तो अजून ओढून घेतो, २.८७.

एक पूर्ण सोडवून दाखवते

गेल्या रविवारी मी सहा चिठ्ठ्या केल्या. ब्युटेन, इथाइल मिथाइल ईथर, अ‍ॅसिटोन, १-प्रोपेनॉल, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, इथिलीन ग्लायकॉल. सगळ्यांचं वजन ५८ ते ६२ मध्ये, म्हणजे वजनाचा प्रश्नच बाद. भाचीला म्हटलं, उकळण्याच्या क्रमाने टेबलावर लाव, मोबाइल न बघता.

ब्युटेन सगळ्यात खाली, लगेच. ईथर त्याच्या वर. मग अ‍ॅसिटोन आणि प्रोपेनॉलमध्ये थांबली. तिने दोघांचा डायपोल विचारला, मी सांगितला, अ‍ॅसिटोन २.९ आणि प्रोपेनॉल १.७. तिने अ‍ॅसिटोन वर ठेवलं. मी काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं, देणारे मोज. तिने चित्राकडे बघितलं, अ‍ॅसिटोनवर बोट ठेवून "देणारा नाही" म्हणाली आणि चिठ्ठ्या स्वतःच उलट केल्या. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडला प्रोपेनॉलसारखाच एक ओ-एच आहे, पण शेजारी घेणारा ऑक्सिजनही आहे, दोन रेणू समोरासमोर येऊन दोन्ही हातांनी एकमेकांना धरतात, फुगडी घालतात तसे. ते वर गेलं. ग्लायकॉलला दोन ओ-एच, दोन्हीकडून साखळी होते, तो सगळ्यात वर. मग आकडे उघडले: उणे ०.५, ७, ५६, ९७, ११८, १९७. क्रम बरोबर.

मग मी सातवी चिठ्ठी काढली, युरिया, वजन ६०. गावाकडे शेतात टाकतात तोच. तिने चित्र काढलं, दोन एन-एच-टू, मध्ये कार्बन आणि डबल बाँडने ऑक्सिजन, देणारे चार, घेणारा दमदार. म्हणाली, मावशी, हा तर ग्लायकॉलच्याही वर जाईल, पण किती ते मला सांगता येत नाही. मी सांगितलं की तो घरातल्या तापमानाला घन असतो, १३३ ला वितळतो, पण उकळत नाही, त्याच्या आधीच फुटतो. रेणू एकमेकांना इतके धरून असतात की त्यांना सोडवायला लागणारी उष्णता दिली तोवर आतला कार्बन-नायट्रोजन बाँडच सुटायला लागतो. फुटल्यावर काय निघतं, तिने विचारलं. अमोनिया, झाकण उघडलं की डोळ्यात पाणी येतं. तिने वहीचं पहिलं पान काढलं आणि युरिया दोन्ही रकान्यांत लिहिला.